मान आखडली, घोट गिळवेना, पण पू नाही: लाँगस कोलाय टेंडिनायटिसविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. हा आजार इतका क्वचित दिसतो की माझ्याकडे आलेले असे पेशंट बोटांवर मोजता येतील. तरी दरवेळी घरच्यांचे प्रश्न तेच असतात, आणि ओपीडीच्या गर्दीत त्यांची उत्तरं मनासारखी देता येत नाहीत.

एका एप्रिलमध्ये रात्री अकराच्या सुमारास चाळिशीतल्या एका शिक्षकांना त्यांची बायको आणि मेहुणा घेऊन आले. मान दोन दिवसांपासून लाकडासारखी ताठ, अंगात कसकस, आणि थुंकी गिळायची म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. हातात मानेचा एक्स-रे होता. आधी दाखवलं होतं तिथे त्यांना सांगितलं होतं की घशाच्या मागे पू झालाय, चिरावं लागेल. बाई रडत होत्या. तपासणीअंती निघालं ते असं की पू नव्हताच, आणि पाचव्या दिवशी सर घरी मऊ खिचडी खात होते. त्या रात्री बाईंनी मला जे जे विचारलं ते, आणि नंतर इतरांनी विचारलेलं, इथे लिहितो आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. ज्याची मान आज आखडली आहे आणि सोबत ताप आहे, त्याने आधी दवाखाना गाठावा. हे नंतर वाचलं तरी चालेल.

हा आजार नेमका कुठे होतो?

मानेच्या मणक्यांच्या पुढच्या बाजूला, म्हणजे मणके आणि घसा यांच्या मधोमध, दोन्हीकडे एकेक लांबट स्नायू असतो. त्याचं नाव लाँगस कोलाय. मानेच्या पहिल्या मणक्यापासून तो थेट छातीच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत उतरतो. मान पुढे झुकवणं आणि सरळ, स्थिर धरून ठेवणं हे त्याचं काम. स्नायू हाडाला जिथे दोरीसारखा चिकटतो त्या भागाला टेंडन म्हणतात. आपण घरी त्याला सरसकट शीरच म्हणतो. लाँगस कोलायच्या अगदी वरच्या टोकाच्या टेंडनमध्ये, साधारण पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यासमोर, कॅल्शियमचे कण साठतात आणि एखाद्या दिवशी तिथे सूज भडकते. तोच हा आजार.

रिपोर्टवर त्याची दोन-तीन नावं दिसतात: अॅक्यूट कॅल्सिफिक लाँगस कोलाय टेंडिनायटिस, रेट्रोफॅरिंजियल कॅल्सिफिक टेंडिनायटिस, कॅल्सिफिक प्रीव्हर्टिब्रल टेंडिनायटिस. नावं वेगळी, आजार एकच. हार्टली नावाच्या डॉक्टरांनी १९६४ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. ते कण हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे, म्हणजे आपल्या हाडांत आणि दातांत असतं त्याच जातीच्या कॅल्शियमचे असतात, हे १९९४ मध्ये तिथला तुकडा काढून तपासल्यावर सिद्ध झालं. म्हणजे आजार नवा नाही. सीटी स्कॅन हाताशी आल्यापासून तो ओळखू येऊ लागला, एवढंच.

कॅल्शियम साठलं म्हणजे माझ्या आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का? दूध?

नको. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, म्हणून ठासून सांगतो: खाण्यातल्या कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम या पेशंटमध्ये सहसा अगदी ठीक असतं. टेंडनचा तो भाग वापरून झिजला, त्याला बारीक इजा झाली किंवा तिथे रक्तपुरवठा कमी पडला, की त्या जागेवरच कण जमत असावेत असं मानलं जातं. खांद्यातही हेच होतं. खांद्यात कॅल्शियम साठून हात वर न होणारे लोक आपल्या ओळखीत असतात. मानेत तेच घडलं की ओळखायला कठीण जातं, कारण ती जागा बाहेरून ना दिसते ना हाताला लागते.

गंमत म्हणजे साठा नुसता पडून असतो तोवर काहीच दुखत नाही. शरीर जेव्हा तो साठा विरघळवायला घेतं, कण फुटून आजूबाजूला सांडतात आणि पांढऱ्या पेशी ते साफ करायला धावतात, तेव्हा आग पेटते. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं, त्या दिवशी शरीराने दुरुस्ती सुरू केलेली असते. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा जीव आला.

"डॉक्टरसाहेब, हे कूलरच्या हवेनं तं नाही ना झालं?"

नागपुरात मार्च ते जून या काळात आखडलेल्या प्रत्येक मानेचा गुन्हा कूलरवर दाखल होतो. रात्रभर थंड, ओली हवा एका बाजूने लागली तर साधी मान धरू शकते, ते खरं आहे. पण त्या साध्या आखडण्यात घोट गिळायला त्रास होत नाही आणि तापही येत नाही. कूलरमुळे टेंडनमध्ये कॅल्शियम साठत नाही. कधी कधी आधी सर्दी-खोकला झालेला असतो, कधी मानेला हिसका बसलेला असतो, आणि पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही.

कूलरला दोष देण्यात एक धोका आहे. "हवा लागली, दोन दिवसांत जाईल" म्हणून माणूस घरी बसतो, आणि खरोखरच पू झालेला असेल तर ते दोन दिवस फार महाग पडतात.

लक्षणं कोणती?

तीन गोष्टी एकत्र येतात: मानेत, बहुधा मागच्या बाजूला आणि डोक्याच्या तळाशी, जोरदार दुखणं, मान कोणत्याच दिशेला न वळणं, आणि गिळताना कळ येणं. हे सगळं एक-दोन दिवसांत वाढत जातं. सोबत हलका ताप असू शकतो. वय साधारण तीस ते साठ. प्रत्येकाला तिन्ही लक्षणं असतातच असं नाही. एका बाईंना गिळायला काहीच त्रास नव्हता, फक्त मान हलत नव्हती आणि डोकं दुखत होतं, त्यामुळे सगळ्यांच्या मनात आधी मेंदूज्वराची शंका आली.

घसा एवढा दुखतो, मग डॉक्टर घसा पाहून "साफ आहे" कसे म्हणतात?

कारण दुखणं घशात नाही, घशाच्या मागच्या भिंतीपलीकडे आहे. आपण घोट घेतो तेव्हा घशाची मागची भिंत मणक्यांपुढच्या स्नायूंवरून वर-खाली सरकते. ती जागा सुजलेली असली की प्रत्येक घोटाला ती चोळली जाते. टॉर्च लावून पाहिलं तर टॉन्सिल ठीक, लाली नाही, फार तर मागची भिंत किंचित पुढे आलेली.

घसा पाहून काही नाही म्हणून पेशंट नाटक करतोय असं कुणी समजू नये. गिळताना प्राण कंठाशी येतात आणि घसा मात्र स्वच्छ दिसतो, हा विरोधाभासच मला या आजाराकडे बोट दाखवतो.

जंतुसंसर्ग नाही, तर मग ताप कशाचा? रक्तात पेशी का वाढल्या?

ताप म्हणजे जंतू, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ताप हा शरीरातल्या दाहाचा परिणाम आहे आणि दाह जंतूंशिवायही होतो. युरिक अॅसिडचे खडे सांध्यात पडून पायाचा अंगठा सुजतो तेव्हाही ताप येऊ शकतो. तिथे कुठे जंतू असतात? इथेही कॅल्शियमच्या कणांनी तेच केलेलं असतं. त्यामुळे पांढऱ्या पेशी थोड्या वाढतात, ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे आकडे वाढतात, आणि सुजेतून झिरपलेलं पाणी घशामागच्या सैल जागेत उतरतं.

आता डॉक्टरच्या जागी बसून पाहा. समोर तापलेला माणूस, मान ताठ, गिळता येत नाही, रक्तात दाहाच्या खुणा, एक्स-रेत घशामागची सावली जाड. मोठ्या माणसात दुसऱ्या मणक्यासमोर ही सावली साधारण ७ मिलिमीटरपेक्षा जास्त नसते, आणि इथे ती दुप्पट दिसते. घशामागे पू झाला तरी अगदी हेच चित्र असतं, आणि तो पू वेळेत काढला नाही तर श्वासनलिका दाबू शकतो किंवा खाली छातीत उतरू शकतो. म्हणून ज्या डॉक्टरने सरांना पाहून "पू" म्हटलं, त्याला मी चूक म्हणणार नाही. तो घाबरला ते बरोबरच होतं. माझं म्हणणं एवढंच की चिरा देण्याआधी एक सीटी व्हायला हवा.

मग नक्की कळतं कशावरून?

सीटी स्कॅनवरून. हाताच्या रक्तवाहिनीतून कॉन्ट्रास्ट औषध (स्कॅनमध्ये चमकणारं) देऊन मानेचा सीटी काढला की तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या समोर कॅल्शियमचा ठिपका. तो कधी ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, कधी ढगासारखा पसरट. तो सापडला की निम्मं काम झालं. दुसरी, घशामागचं पाणी कसं पसरलंय. या आजारात ते सपाट, सारखं पसरलेलं असतं. पू असतो तेव्हा त्याच्याभोवती कॉन्ट्रास्टने चमकणारी कड उमटते, तो फुगतो, आजूबाजूला ढकलतो. तिसरी, मणके आणि मधल्या चकत्या शाबूत आहेत ना, आणि शेजारच्या गाठी सुजून आतून सडलेल्या तर नाहीत ना.

कॅल्शियम आहे, कड नाही, हाडं शाबूत आहेत, हे तिन्ही जुळलं की निदान पक्कं. ठिपका लहान असेल तर तो सहज नजरेतून सुटतो, म्हणून सीटी लिहून देताना फॉर्मवर "गिळताना दुखते, मान ताठ, लाँगस कोलायचा विचार करावा" हे शब्द असावेत, एवढा आग्रह मी माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना नेहमी धरतो. रेडिओलॉजिस्टला काय शोधायचं ते माहीत असलं की तो शोधतो.

किडनीचा त्रास, गरोदरपण, आधी कॉन्ट्रास्टची अॅलर्जी, मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळ्या, यातलं काहीही असेल तर सीटीच्या आधी सांगा.

सीटीऐवजी एमआरआय केला तर अधिक चांगलं नाही का? महाग म्हणजे चांगला ना?

इथे नाही. एमआरआयमध्ये सूज आणि पाणी उत्तम दिसतं, पण कॅल्शियम काळं पडतं आणि हातातून निसटतं. हातापायात मुंग्या, कमजोरी असेल किंवा मणक्यात पू, टीबी अशी शंका असेल तर एमआरआय हवाच. तो वेगळा प्रश्न.

रिपोर्टमध्ये "रेट्रोफॅरिंजियल कलेक्शन" असं लिहिलंय. म्हणजे पूच ना?

कलेक्शन म्हणजे साठलेलं द्रव, एवढंच. त्याचा अर्थ पू असा होत नाही. पुढची ओळ वाचा: कडेला चमक आहे का, कॅल्सिफिकेशन आहे का, मणके कसे आहेत. हे लिहिलेलं नसेल तर तुमच्या डॉक्टरांना रेडिओलॉजिस्टशी थेट फोनवर बोलायला सांगा. नागपुरात ही मंडळी एकमेकांना ओळखतात, पाच मिनिटांचं काम असतं. सरांच्या रिपोर्टातही आधी फक्त "कलेक्शन" होतं. फिल्म पुन्हा बारकाईने पाहिली तेव्हा अॅटलसच्या, म्हणजे पहिल्या मणक्याच्या, समोर ठिपका सापडला, आणि रात्रीचं ऑपरेशन थांबलं.

मानेच्या मणक्याचा टीबी तर नसेल?

आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परदेशातल्या पुस्तकात तो एका ओळीत संपतो. आपल्याला तसं परवडत नाही. मणक्याच्या टीबीतही मान ताठ होते, घशामागे थंड गळू (लाली-आग नसलेला टीबीचा पू) साठतं, गिळायला त्रास होतो. पण त्याची चाल वेगळी असते. तो आठवड्या-महिन्यांनी वाढतो, वजन उतरतं, भूक मरते, संध्याकाळचा ताप आणि रात्रीचा घाम येतो, आणि स्कॅनमध्ये हाड आणि चकती कुरतडलेली दिसते. लाँगस कोलायचं दुखणं परवा सुरू होऊन आज कळस गाठतं, आणि हाडाला हात लावत नाही.

घरात कुणाला टीबी झालेला असेल, स्वतः पूर्वी औषधं घेतली असतील, तर ते लपवू नका. इतक्या लोकांनी ते मला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हळू आवाजात सांगितलं आहे की मी आता दार लावून पहिल्याच भेटीत विचारतो.

कोणत्या गोष्टी दिसल्या तर एक मिनिटही थांबू नये?

श्वास घेताना घरघर किंवा दम लागणं. लाळ गिळता न येऊन तोंडाबाहेर गळणं. जबडा न उघडणं. गरम घास तोंडात धरून बोलल्यासारखा आवाज. हुडहुडी भरून जोराचा ताप. उजेड सहन न होणं, बडबड, गुंगी. हातापायातली ताकद कमी होणं किंवा लघवी अडणं. छातीत दडपण आणि घाम. हे लाँगस कोलायमध्ये बसत नाही, तेव्हा लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

आणखी एक: गेल्या काही दिवसांत मासा किंवा चिकन खाताना काटा, हाड टोचल्याची आठवण असेल तर ती आवर्जून सांगा. काट्याने घशाची भिंत टोचून खरा पू होतो. मधुमेह असेल, स्टेरॉइड चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्या माणसाच्या बाबतीत मी पू नाही हे सिद्ध होईपर्यंत पूच आहे असं धरून चालतो.

"मग सलाईन, अँटिबायोटिक काहून नाही देऊन राहिले?"

हे सरांच्या मेहुण्याने विचारलं, आणि त्यात थोडा रागही होता. माणूस एवढा तळमळतोय आणि डॉक्टर गोळ्या देऊन बसलाय, असं त्यांना वाटलं. उत्तर सोपं आहे: मारायला जंतूच नाहीत, तर जंतू मारणारं औषध काय करणार? निदान पक्कं होईपर्यंतचे काही तास किंवा एखादा दिवस आम्ही अँटिबायोटिक सुरू ठेवतो, ते योग्यच. सीटीने निर्वाळा दिल्यावर ते बंद करतो. "दिलं तर नुकसान काय" असं म्हणून आठवडाभर चालू ठेवायला माझा विरोध आहे. जुलाब होतात, अॅलर्जी होते, आणि उद्या खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

सलाईनची गोष्ट निराळी. ज्याला पाणीही गिळवत नाही, त्याला उन्हाळ्यात सलाईन लागतं.

उपचार काय, आणि घरी काय जपायचं?

सूज उतरवणाऱ्या गोळ्या हाच मुख्य उपचार: आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथासिन यांपैकी कोणतीही एक, पोट सांभाळणाऱ्या गोळीसोबत, साधारण एक ते दोन आठवडे. दुखणं फारच असेल किंवा या गोळ्या चालत नसतील तर थोडे दिवस स्टेरॉइड. पण पू आणि टीबी नाही याची खात्री झाल्याशिवाय स्टेरॉइड नको, आणि मधुमेह असेल तर साखर मोजत राहायची. पहिले काही दिवस मऊ कॉलर. बस.

ऐकायला साधं वाटतं, पण नागपुरात या गोळ्यांबाबत तीन गोष्टी मी लिहून देतो.

एक, पाणी. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि हा पेशंट गिळताना दुखतं म्हणून पाणीच पीत नाही. कोरड्या पडलेल्या शरीरात या गोळ्या किडनीला थेट इजा करतात. सरांच्या बायकोला मी सांगितलं होतं की गोळी देण्याआधी लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची झाली ते विचारा. गडद पिवळी आणि दिवसात दोनदाच होत असेल तर आधी मला फोन. त्यांनी वहीत नोंद ठेवली, अगदी वेळेसकट.

दोन, डेंग्यू. पावसाळ्यात आणि तो सरल्यावर शहरात डेंग्यूचे पेशंट वाढतात. त्या दिवसांत ताप आणि अंगदुखी असताना या गोळ्या मेडिकल स्टोअरमधून स्वतःहून घेऊ नका. प्लेटलेट उतरलेल्या असतील तर रक्तस्राव होऊ शकतो. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच.

तीन, सिकलसेल. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची कुटुंबं पुष्कळ आहेत. सिकलसेलच्या पेशंटमध्ये हाडाचा जंतुसंसर्ग इतरांपेक्षा जास्त होतो आणि किडनीही नाजूक असते. सिकलसेलचं लाल किंवा पिवळं कार्ड असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. मग आमचा विचार करण्याचा क्रमच बदलतो.

अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, गरोदरपण: यांत या गोळ्या आपल्या मनाने अजिबात नाहीत.

खायला काय द्यावं?

थंड किंवा कोमट, ओघळून जाईल असं. ताक, सरबत, पातळ वरण, भाताची पेज, मऊ खिचडी, साबुदाण्याची लापशी. पहिले चार दिवस सावजी रस्सा आणि तर्री-पोहे दूर ठेवा. तिखटाने आजार वाढत नाही, पण ठसका लागला तर मानेला असा झटका बसतो की पेशंट पुन्हा काही खायलाच घाबरतो. एकदम ग्लासभर न देता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट द्या. गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासाने दुखणं कमी होतं. जेवण त्या वेळेत बसवा.

हळद-मिठाच्या गुळण्यांनी फरक पडत नाही, कारण गुळणीचं पाणी त्या जागेपर्यंत पोचतच नाही.

मालिश करून घेऊ का? आमचा सलूनवाला मान मोडून देतो, लगेच मोकळी होते.

कृपा करून नको. कटिंगनंतर डोकं दोन्ही हातांत धरून कडकड मान मोडायची पद्धत मला निरोग्या माणसातही मान्य नाही; मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्यात इजा होऊ शकते. इथे तर टेंडन पेटलेलं आहे, आणि कदाचित निदानही झालेलं नाही. आत पू किंवा टीबीने पोखरलेला मणका असेल आणि कुणी हिसका दिला, तर मज्जारज्जू दाबला जाऊन माणूस आयुष्यभर खाटेवर पडू शकतो. हाडवैद्याकडे ओढून घेणं, पाठीवर पाय देऊन चोळणं, यालाही माझं हेच उत्तर आहे. तेल कोमट करून खांद्यावर हलक्या हाताने लावलं तर हरकत नाही, मानेला हिसका नको.

कॉलर किती दिवस? गाडी चालवू का?

कॉलर चार-पाच दिवस, मान वळू लागली की काढा. जास्त दिवस घातली तर स्नायू सुस्तावतात. जोवर मान दोन्हीकडे वळवून मागचं पाहता येत नाही तोवर दुचाकी बंद. सीताबर्डीच्या गर्दीत मान न वळवता स्कूटर चालवणारा माणूस स्वतःसोबत दुसऱ्यालाही धोक्यात घालतो.

ऑपरेशन लागतं का? सुईने काढून टाकता येत नाही का ते कॅल्शियम?

नाही लागत. शरीर ते स्वतः शोषून घेतं. जागा इतकी खोल आणि रक्तवाहिन्यांच्या इतकी शेजारी आहे की तिथे सुई घालण्यात फायद्याहून धोका जास्त. पूर्वी पू समजून चिरा दिलेल्या लोकांची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आत पू निघत नाही, फक्त पाणी निघतं, आणि माणसाला विनाकारण जखम मिळते. हे टाळता यावं, यासाठीच मी एवढं लांबलचक लिहितो आहे.

बरं व्हायला किती दिवस? परत होईल का?

गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत गिळणं सुधारायला लागतं आणि एक ते दोन आठवड्यांत बहुतेक जण पूर्ण बरे होतात. कॅल्शियमचा ठिपका त्यानंतर काही आठवड्यांत विरतो. परत होणं फारच क्वचित. मागे काही व्यंग राहत नाही.

मात्र तीन दिवस नीट गोळ्या घेऊनही तसूभर फरक नसेल, किंवा ताप वाढत असेल, तर "वेळ लागतो" म्हणून वाट पाहू नका. परत या. मी निदान पुन्हा पहिल्यापासून तपासतो, गरज पडली तर स्कॅनही पुन्हा करतो, आणि यात मला कमीपणा वाटत नाही.

आमच्या पाच वर्षांच्या मुलीची मान वाकडी झालीय, ताप आहे. तिलाही हेच असेल का?

नाही, तसं समजून घरी बसू नका. हा मोठ्यांचा आजार आहे. लहान मुलांत, विशेषतः पाच वर्षांच्या आतबाहेर, ताप, वाकडी किंवा ताठ मान आणि जेवण टाकणं हे एकत्र आलं तर घशामागे खरा पू असण्याची शक्यता मोठी असते. आजच, आत्ता दाखवा.

हा आजार इतका दुर्मिळ आहे तर आमच्या डॉक्टरांना माहीत असेल का?

२०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दर एक लाख लोकांमागे वर्षाला अर्धा, म्हणजे दोन लाखांत एक, असं प्रमाण निघालं होतं. पण न ओळखले गेलेले कितीतरी असणार. "मान आखडली होती, आठवड्याने गेली" म्हणून विसरून गेलेले. फॅमिली डॉक्टरने पूर्ण कारकिर्दीत एकही पाहिला नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्याशी भांडू नका. फक्त अदबीने विचारा: "सर, घशामागे कॅल्शियम साठूनही असं होतं म्हणे, सीटीत तेवढं पाहून घेता येईल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

नागपुरात रात्री-बेरात्री कुठे जायचं?

जिथे कॅज्युअल्टी चोवीस तास चालू आहे, सीटी आहे आणि कान-नाक-घशाचा डॉक्टर बोलावता येतो, अशा ठिकाणी. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी ठिकाणं सगळ्यांना ठाऊक आहेत. धंतोली-रामदासपेठेत खाजगी दवाखान्यांची रांगच आहे. बाहेरगावाहून, म्हणजे उमरेड, काटोल, भंडाऱ्याकडून येत असाल तर निघण्याआधी फोन करून सीटी चालू आहे ना हे विचारा.

सोबत जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं आणि मागच्या रक्ततपासण्या घ्या. गाडीत पेशंटला आडवं झोपवू नका. बहुतेकांना उशीला टेकून अर्धवट बसलेलं बरं वाटतं आणि लाळही गिळायला सोपी जाते. ऑपरेशन लागेल की नाही हे ठरेपर्यंत वाटेत खायला काही देऊ नका. रुमाल हाताशी ठेवा, थुंकायला. आणि दुखणं कधी सुरू झालं, आधी मान की आधी घसा, ताप किती होता, हे एका कागदावर लिहून आणा, कारण कॅज्युअल्टीत पोचल्यावर पेशंटला बोलवत नाही आणि घरच्यांना काही आठवत नाही.